काजळीची भाकर

प्रिय रेणू,

कागदावर पहिलं 'प्रिय' लिहायचं असतं म्हणून लिहिलं. तोंडानं मी तुला असलं कधी म्हणले न्हाई अन् आता या वयात म्हणणार बी न्हाई. तुझी आजी दुसरीपर्यंत शाळेत गेल्ती, पुढचं मेंढरांनी शिकवलं, तवा काना-मात्रा इकडची तिकडं झाली तर तुझं तू समजून घे. फोन करता आला असता. पण फोन अंगदचा. तुझा चुलतभाऊ हाय म्हणून त्याला सगळं ऐकायचं असतं, कान लावून शेजारी उभा ऱ्हातो. अन् तू पलीकडून नुसती 'हं, हं' करतीस. कागदाला 'हं' म्हणता येत न्हाई, सगळं वाचावं लागतं. तर नीट वाच.

तुला पिल्लू पाहिजे. आपल्या काजळी कुत्रीच्या या वितातलं, म्हंजे या खेपेच्या पिल्लांतलं, अंगावर कोळशानं ओढल्यासारखे पट्टे असलेलं, जे डोळे उघडायच्या आधीच सरपटत टोपल्याबाहेर पडलं होतं ते. निकाल आधीच सांगते, म्हंजे शेवटपर्यंत आस धरून बसायला नको. ते तुला मिळणार न्हाई. फोनवर न्हाई म्हणले होते, आता कागदावर बी न्हाईच म्हणून राह्यले.

तू म्हणलीस, मोबाइलवर वाचलंय की असल्या पळत्या जातीला जवान मालक बराबर जमतो. लिहिणाराच्या घरी असलं कुत्रं नसंल. जवान म्हंजे काय, नुसतं वय व्हय? काजळी आईकडनं धनगरी अन् बापाकडनं कारवानी, म्हंजे शिकारीची पळती जात. पोट पाठीला लागलेलं, पाय काठीसारखे, छाती मात्र भात्यासारखी. दिवसभर मेंढरांमागं चालायचं अन् रात्री जाळीच्या वाघुरीत मेंढरं कोंडली की तिच्याभोवती फेऱ्या मारायच्या, हे तिच्या रक्तात हाय. असलं कुत्रं तू भाड्याच्या खोलीत नेणार, तिसऱ्या माळ्यावर, जिथं तुझी कळशी ठेवायला जागा न्हाई. भाकर तर कुणी बी घालंल. त्याला काम लागतं. काम न्हाई दिलं तर ते आपलं आपण काम शोधतं, अन् ते माणसाला परवडणारं नसतं. आधी दार खातं, मंग चप्पल, मंग स्वतःचं शेपूट.

मिथुनचं कुत्रं तुला आठवत नसंल, तेव्हा तू जालन्याला पोलीस भरतीच्या ग्राउंडवर होतीस. भोकरदनचा तो हार्डवेअरवाल्याचा पोरगा. वय तुझ्याएवढंच, अंगानं दणकट, गाडी घेऊन आल्ता. काजळीच्या आधीच्या वितातलं सगळ्यात चपळ पिल्लू त्यानं बोटानं दाखवलं, दुकानात शर्ट दाखवतात तसं. आपल्यात पिल्लू विकत न्हाईत अन् विकत घेत न्हाईत. नेणाऱ्यानं आपल्या घरून भाकर करून आणायची, स्वतःच्या हातानं पिल्लाच्या आईला घालायची, तिनं खाल्ली की मंग पिल्लू उचलायचं. तिच्या तोंडचं नेतोस तर तिच्या तोंडात काही घाल, एवढाच त्याचा अर्थ. हे त्याला सांगितल्तं. त्यानं काय आणावं? बिस्कुटाचा पुडा. म्हणला, आजी, आमच्याकडं भाकऱ्या होत न्हाईत, सगळे चपातीच खातात. मी म्हणले, मंग चपाती आणायची, बाबा. पण तोवर काजळीनं पुडा हुंगून बाजूला केल्ता अन् यानं पिल्लू गाडीत घातल्तं.

पहिले काही महिने मजा झाली. गाडीमागं पळवायचा, त्याचे फोटो काढायचा. मंग गाडी बदलली, मैतर बदलले, कुत्रं गच्चीवर गेलं. मी एकदा भोकरदनच्या बाजाराला गेल्ते तर त्याच्या घरावरून साखळीचा आवाज ऐकू आला. जिना चढून बघितलं, तेव्हा चढवत होतं मला. गच्चीत लोखंडी कडी होती, कडीला साखळी, अन् साखळीच्या टोकाला ते कुत्रं गोल गोल फिरून राह्यलं होतं. सिमेंटवर त्याच्या पायांनी गोल रेघ पडली होती, जात्याभोवती पीठ पडतं तशी. मिथुनच्या मायनं मला चहा ठेवला. मी म्हणले, चहा नको, कुत्रं दे. तिनं लगेच दिलं. सुटका झाल्यासारखं तोंड झाल्तं बिचारीचं.

गावाला, केदारखेड्याला आणून मी त्याला मोकळ्या रानात सोडलं. साखळी काढली, पट्टा बी काढला. पुढं सगळं रान पडलेलं, कपाशी उपटून झाल्ती, कुठं आड न्हाई, कुंपण न्हाई. ते उभं राह्यलं जरा वेळ. अन् मंग गोल फिरायला लागलं, साखळीएवढंच. मी त्याला ओढून बांधापर्यंत नेलं, तर बांधावर बी तेवढंच गोल. काजळी त्याच्याभोवती नाचली, त्याची मानगूट धरली, पुढं पळून मागं आली. त्यानं आईकडं बघितलं सुद्धा न्हाई. पुढं खाणं सोडलं, अन् एक दिवस फिरता फिरता बसलं ते बसलंच. आम्ही त्याला लिंबाखाली पुरलं. अंगद रडला, मी न्हाई रडले. मला राग आल्ता. अजून हाय.

हे तुला घाबरवायला सांगून न्हाई राह्यले. तू मिथुन न्हाईस हे मला ठाऊक हाय. तू खोलीत त्याच्यापाशी बसशील, त्याला तुझ्या ताटातलं घालशील. पण दारामागं गोल फिरणारं कुत्रं अन् गच्चीत गोल फिरणारं कुत्रं यात फरक काय?

तुझा आजा तुला कसा आठवतो? तू म्हणतीस, झोपलेला. बरोबरच हाय, तू कळती झालीस तोवर त्याचं चालणं संपत आल्तं. पण म्हस्कू धनगर म्हणलं की गोदावरीच्या काठापर्यंत माणसं ओळखायची. तुझ्या बापानं मेंढरांची सगळी खांड विकली, त्यात त्याची चूक न्हाई. गायरानाला तार लागली, कपाशीत कुणी मेंढरू घुसू देत न्हाई, अन् मागं चालायला माणूस राह्यला न्हाई. टेम्पो आला, मेंढरं चढवली, तुझ्या आज्यानं एकेकीच्या पाठीवर हात ठेवला अन् घरात येऊन बाजेवर निजला, भिंतीकडं तोंड करून. मला वाटलं दोन दिवस निजंल. डॉक्टर म्हणला, काही न्हाई यांना, बीपी बिलकुल बराबर. मी बी लई बोलले. म्हणले, मेंढरं गेली तर काय झालं, माणसं हायेत की घरात. माझं बोलणं तुला माहीत हाय, मेलेला उठून बसावा. तो उठला न्हाई.

काजळी तेव्हा भर जवानीत होती. रोज पहाटे यायची अन् त्याच्या घोंगडीचं टोक दातात धरून दाराकडं ओढायची. चला, मेंढरं सोडायची वेळ झाली. तो घोंगडी परत ओढून घ्यायचा. ती पुन्हा ओढायची. मंग ती ओढायचं सोडून नुसती दारात उभी ऱ्हायची अन् त्याच्याकडं बघायची. भुंकायची न्हाई. भुंकली असती तर बरं झालं असतं, शिव्या तरी दिल्या असत्या त्यानं. उन्हाळा लागायच्या आधी तो गेला. कशानं गेला ते डॉक्टरच्या कागदावर काय लिहिलंय कुणास ठाऊक. मी सांगते, न उठल्यानं गेला.

अन् मंग तू ते भरतीचं खूळ घेतलंस. गावात पोरं पहाटे रोडवर पळायची पोलीस व्हायला, तू एकटी पोरगी त्यांच्यात. तुझी माय रडली, लोक काय म्हणतील म्हणून. लोक म्हणलेच. अप्पाराव दुकानात बसून तुला 'पोलीसबाई' म्हणायला लागला. पण तू बूट आणलेस अन् काजळीला संग घेतलंस. तुला वाटतं तू तिला पळवलंस. ती तुला राखत होती, पोरी. मी रोज दारातून बघायचे. ती पुढं जायची, तू मागं पडलीस की वळून यायची अन् तुझ्या टाचेला नाक लावायची, चुकार मेंढीला लावतात तसं. तुझा आजा गेल्यावर तिला एक मेंढरू सापडलं ते तू. तू बूट घातले की ती अंगणात उडायला लागायची. तुम्हा दोघींना रोडवर लांब जाताना बघून मला पहिल्यांदा वाटलं, घरातलं कुणी तरी पुढं चाललंय. हे तेव्हा बोलले न्हाई. तेव्हा मी म्हणले होते, पळून पळून काळी पडशील.

गुडघ्याचं मी काढणार न्हाई. ग्राउंडवर शेवटच्या वळणाला पडलीस, पुढं होतीस अन् पडलीस. डॉक्टरनं पळायचं न्हाई म्हणून सांगितलं, तू 'बरं' म्हणलीस. एवढंच. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं, कारण तू कधीच कुणाला एका शब्दात बरं म्हणत न्हाईस, आज्यावर गेलीस अन् तोंड माझं घेतलंस. मंग एमआयडीसीतली ती बियाण्याची कंपनी. ओल्या कागदात बी मांडायचं अन् कोंब किती आले ते बघायचं. तू एकदा म्हणलीस, आजी, दिवसभर मी कोण उगवलं अन् कोण न्हाई एवढंच मोजते. मी हसले. तू हसली न्हाईस.

दिवाळीत आलीस तेव्हा मी बघून राह्यले होते. ओसरीवरून न्हाणीपर्यंत अन् न्हाणीपासून ओसरीपर्यंत, एवढंच तुझं चालणं. रानात आली न्हाईस, देवाला आली न्हाईस. मायनं करंज्या तळल्या, त्या ताटात मोडून ठेवल्यास. काजळीनं खुंटीवरचे तुझे बूट बघितले अन् तिच्या अंगात आलं, उड्या मारायला लागली, या वयात, पोटात पिल्लं असताना. तू मला म्हणलीस, आजी, ते बूट माळ्यावर टाक, तिला दिसतील असे ठेवू नको. मी टाकले. त्या दिवशी मला गच्चीतलं कुत्रं आठवलं. मोकळं रान समोर अन् साखळीएवढंच फिरणं. मी तुझ्या मायला बोलले. ती म्हणली, स्थळ आलंय एक, लग्न झालं की पोरगी बरी होती. तुझा बाप म्हणला, पगार चालू हाय न, मंग काय झालं? माणसाला दिसत न्हाई ते न्हाईच दिसत. त्यांच्यावर चिडू नको. तुझा आजा झोपला होता तेव्हा बी सगळे असंच म्हणायचे, दोन टायमाला भाकर मिळती न, मंग काय झालं?

तर पट्ट्याचं पिल्लू. ते मी दिलं. घनसावंगीकडनं गिरिजाबाईची खांड आल्ती. तिच्याकडं अजून मेंढरं हायेत, पोरं बी चालतात मागं. तिनं घरून ज्वारीची भाकर आणली होती, फडक्यात बांधून. काजळीपुढं बसली, तुकडा तुकडा करून घातली. काजळीनं सगळी खाल्ली, तिचं फडकं चाटलं अन् पाठ फिरवून झोपली. लोक आईच्या काळजाचं लई सांगतात. आईला पोट बी असतं. पिल्लू मेंढरांमागं गेलं, मागं वळून बघितलं न्हाई त्यानं. ते जगंल. बाकीची बी गेली, कामाच्या घरी गेली. तू रागावशील तर रागाव. राग आला तरी मला चालंल, उलट बरं वाटंल.

त्या दिवशी फोनवर तू हट्ट धरलास तेव्हा मी विचारलं, गुडघा तुझा मोडका अन् पळायचं कुत्र्यानं, हे कसं जमायचं? तू म्हणलीस, पळणार न्हाई गं, पण ते असलं की उठावं तरी लागंल. मी म्हणले, उठायचंच असंल तर कोंबडा पाळ. अंगद शेजारी हसला. पलीकडून तू म्हणलीस, बरं. पुन्हा तेच बरं. त्याच्यानंतर तुझा फोन लागून न्हाई राह्यला.

अंगद टेम्पोत माणसं घेऊन रोजच एमआयडीसीत येतो, त्याला मी तुझ्या खोलीवर जायला सांगितलं. संध्याकाळी आला अन् म्हणला, बरी हाय. जेवायला बसला न्हाई. मी ताट पुढं सरकवलं अन् म्हणले, खा न्हाई तर खरं सांग. मंग बोलला. तुझ्या घरमालकीणबाईनं, उषाबाईनं, त्याला जिन्यातच गाठलं होतं. तू कामाला जात न्हाईस म्हणे, किती दिवस झाले. ती डबा दाराबाहेर लटकवते, तो तसाच लटकून ऱ्हातो. अंगदनं हाका मारल्या तर तू दार बोटभर उघडलंस अन् म्हणलीस, झोपले होते. गावाला चल म्हणला, तर म्हणलीस, गावात पोलीसबाई म्हणतात. अन् दार लावलंस. उषाबाई त्याला अजून एक बोलली, की पोरगी परवा गच्चीवर एकटीच उभी होती, कठड्यापाशी, लई वेळ. कपडे वाळत घालायला आली असंल, असं तीच म्हणली. मी अंगदला त्याच पावली परत धाडलं अन् गच्चीच्या दाराला कुलूप लावायला लावलं. किल्ली उषाबाईच्या कमरेला हाय. हे मी केलंय, तिचा काही दोष न्हाई.

मला तीन जिने चढवत न्हाईत, न्हाई तर हा कागद खराब केला नसता. तुला ओढून आणता येतं, अंगद दणकट हाय. पण ओढून आणलेलं कसं फिरतं ते मी बघितलंय. तर पिल्लू न्हाई, काजळी धाडून राह्यले. दार उघड, हा कागद दाराखालून सारून अंगद तिला घेऊन जिन्यात उभा हाय. हे तिचं शेवटचं वीत होतं, दूध आटलंय, आता तिला पळायचं न्हाई, मागचा उजवा पाय ती बी जरा ओढत चालती. तुम्हाला एकमेकींची चाल जमंल. सकाळ-संध्याकाळ खाली न्यावं लागतं एवढंच काम. ती खोलीत घाण करणार न्हाई, पोट फुटलं तरी. तू उठली न्हाईस तर ती पांघरूण ओढंल, अन् तरी उठली न्हाईस तर दारात उभी राहून नुसती बघंल. तुझ्या आज्याला ते बघवत न्हाई म्हणून त्यानं तोंड भिंतीकडं केल्तं. तुझी खाट कुठल्या भिंतीला हाय ते मला ठाऊक न्हाई. याच्यानं तू उठशील असं मला वाटत न्हाई, खोटं कशाला लिहू? तो उठला न्हाई, अन् काजळी तेव्हा आजच्यापेक्षा लई तगडी होती. पण माझ्याकडं धाडायला दुसरं काही राह्यलं न्हाई. आता माझ्या दारात राखायला कुणी न्हाई, रात्री आवाज आला तर मीच बघायची. एक मात्र अडलं. पिल्लू नेताना आईला भाकर घालतात. आईलाच न्यायचं असंल तर ती कुणाला घालायची, हे आपल्यात कुणी सांगून ठेवलेलं न्हाई. रीत मोडायला नको म्हणून मी एक केली, अंगदच्या पिशवीत फडक्यात बांधली हाय. काजळीला देऊ नको, ती इथून खाऊन निघालीय. ती तू खा. अंगद खाऊन होईपर्यंत उभा ऱ्हाईल, त्याला तसं सांगितलंय.

तुझीच, अन् आता काजळीवाचून एकटीच,
आजी बायनाबाई
केदारखेडा